हिरवी पट्टी

“पट्टी कुठंय?” सिमरननं विचारलं.

दिग्विजयनं टेबलावर पेन आपटणं थांबवलं नाही. “समोर. स्क्रीनवर. हिरवी पट्टी आहे, ती बोटानं उजवीकडं सरकवायची.”

“इथं नाही.”

“नाही कशी? तुम्हालाच दिसत नसेल.”

आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर त्याला कळलं. पण माफी मागायची सवय नसल्यामुळं तो खिडकीबाहेर बघत बसला.

सिमरन मुलाणीची नजर जन्मापासून अधू होती. फोन नाकाजवळ धरायचा, अक्षरं होतील तेवढी मोठी करायची, मग तिला वाचता यायचं. कराडला इंजिनिअरिंग झाल्यावर तिनं आपल्या अडचणीचाच धंदा केला. कुठलंही अॅप घ्यायचं आणि अधू नजरेच्या, कमी ऐकू येणाऱ्या, हात थरथरणाऱ्या माणसाला ते वापरता येतं का, हे तपासून लेखी द्यायचं. या कामाला सुगम्यता तपासणी असं भारदस्त नाव आहे. कंपन्यांना तिच्याकडून ‘उत्तीर्ण’ एवढा एकच शब्द हवा असतो. तो ती फार क्वचित लिहिते, म्हणून एका दारात तिला दुसऱ्यांदा सहसा कुणी बोलावत नाही.

आज सकाळी दिग्विजयचाच फोन आला होता. आजच या, आजच सर्टिफिकेट द्या, गाडीभाडं देतो. ती एसटीनं आली. कडेगाव रस्त्यावरचा हा हळदीचा कारखाना दिग्विजयच्या वडिलांचा होता, आणि सध्या दिग्विजयच्या रागावर चालत होता.

सोमवारी इथं एक माणूस मेला होता.

शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल निघतं, पॉलिश होतं. मधेच माल अडकला तर ड्रम थांबवून माणसाला आत उतरावं लागतं. दिग्विजयनं पुण्याच्या एका मित्राकडून त्यासाठी ‘राखण’ नावाचं अॅप करून घेतलं होतं. एक माणूस आत, दुसरा बाहेर राखणदार. आतला बाहेर आला की राखणदारानं स्वतःच्या फोनवर हिरवी पट्टी सरकवायची. ती सरकेपर्यंत ड्रमला कुलूप आणि सुरू करायचं बटन मुकं.

सोमवारी ड्रममध्ये नानासो कोळेकर होता. राखणदार होता त्याचाच मेहुणा, बिरदेव गोरड. नानासो आत असतानाच बिरदेवच्या फोनवरून पट्टी सरकली, ड्रम फिरला. नानासोला सांगलीला न्यायचीही गरज पडली नाही.

“उगाच लांबड लावू नका,” कोपऱ्यातल्या खुर्चीतून फौजदार राजनंदिनी जगदाळे म्हणाल्या. त्या सकाळपासून तिथं बसून कंटाळल्या होत्या. “अॅप ठीक आहे असा तुमचा कागद आला, की मी बिरदेवला उचलणार. तो म्हणतो, मी तिथं नव्हतोच, मुकादमानं टेंपो ढकलायला बोलावलं. मुकादम म्हणतात, बोलावलं नाही. फोन तर त्याचाच आहे.”

“आणि अॅप ठीक नसेल तर?”

“तर माझं डोकं दुखणार.”

दिग्विजयनं सिमरनचा फोन हिसकावूनच घेतला. ‘माणूस आत आहे’ ही अक्षरं, खाली ड्रमचा नंबर, खाली राखणदाराचं नाव, सगळं भलंमोठं. पट्टी नव्हती. त्यानं पडदा बोटानं वर ढकलून पाहिला, तो हलेना.

“नेट गंडलं असेल.” त्यानं अॅप काढून परत टाकलं. तेच. फोन बंद करून चालू केला. तेच. पुण्याच्या मित्राला फोन लावला, तो उचलेना. दिग्विजयच्या कपाळावर घाम आला. “सोमवारी सकाळीच सगळ्यांच्या फोनवर नवीन व्हर्जन टाकलंय. जुन्यात पट्टी अगदी वर होती. आता खाली घेतली, छान दिसते म्हणून.”

“कुणाला छान दिसते?” सिमरननं विचारलं. “टाकण्याआधी बिरदेवच्या फोनवर बघितलं होतं?”

“प्रत्येक कामगाराला विचारत बसू का आता?”

तेवढ्यात दारातून आवाज आला. “आवं म्याडम, अक्षरं बारीक करा की. म्हंजी येती पट्टी वर.”

दारात लालासाहेब उभे होते, पॉलिश विभागाचे मुकादम. पन्नाशी उलटलेले, नखांत हळद मुरलेली. सिमरनला ड्रमकडं न्यायला आले होते. नानासोला ड्रममधून त्यांनीच काढलं होतं आणि काढताना लहान पोरासारखे रडले होते, असं गेटवरच्या वॉचमननं तिनं न विचारताच सांगितलं होतं.

सिमरननं अक्षरं बारीक केली. हिरवी पट्टी खालून वर आली.

दिग्विजयनं टाळी वाजवली. “बघा! आमचे मुकादम सातवी शिकलेत. सापडली ना? लिहा उत्तीर्ण.”

“आता मला वाचता येत नाही,” सिमरन म्हणाली. “मोठी अक्षरं ठेवली तर पट्टी जाते, पट्टी आणली तर अक्षरं जातात. नापास.”

“नापास लिहाल तर या जिल्ह्यात पुढचं काम मिळवून दाखवा.”

“मी साताऱ्यात राहते,” सिमरन उठत म्हणाली. “सांगलीत फक्त भांडायला येते.”

*

“चपला हितंच काढा,” लालासाहेब म्हणाले. “हळद देवाला जाती. वट्ट्यावर चपला घालून कोण चढत न्हाई.”

सिमरननं चपला काढल्या. ओट्यावर ड्रम होता, टेंपोच्या हौद्याएवढा, त्याच्या तोंडावर पोलिसांचं सील. जमीन, भिंती, पंखा, सगळं पिवळं. तिला शिंक आली. शेजारच्या खांबाला एक खिळा होता आणि खिळ्याला रिकामी प्लास्टिकची पिशवी.

“ही कसली?”

“बिरदेवच्या फोनची. पूड आत शिरली की फोन मेला. म्हणून समदी पिशवीत घालून टांगत्यात.”

“फोनला लॉक?”

“कसलं लॉक! पिवळ्या बोटाचा ठसा फोन घेतोय व्हय? उघडंच आसत्यात समद्यांचं.”

“म्हणजे कुणीही उचलून वापरावा.”

“कोण कशाला वापरंल? ज्याचा फोन त्यानं सरकवायचं. सायबाचा कडक नियम हाय.”

“तुम्ही कधी दुसऱ्याच्या फोनवर सरकवलीत?”

“आयुष्यात न्हाई. दुसऱ्याच्या फोनाला मी हात बी लावत न्हाई.”

“सोमवारी काय झालं ते सांगा.”

लालासाहेबांनी डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. “नानासो आत गेला. बिरदेव भाईर. मी तकडं पॅनेलपाशी. हिरवा दिवा लागला. दिवा लागला म्हंजी माणूस भाईर, आसंच शिकिवलंय आमाला. मी बटन दाबलं.” त्यांनी उजव्या हाताकडं पाहिलं. “माज्या ह्या हातानं दाबलं, म्याडम. तवापास्नं घास उतरत न्हाई.”

“त्या आधी सोमवारी कुणी ड्रममध्ये उतरलं होतं?”

“न्हाई. माल पैल्यांदा तवाच आडाकला. तवापास्नं हे सील हाय.”

“बिरदेव कुठं होता?”

“हितंच, ह्या खांबापाशी. फोन हातात.”

“टेंपो अडकला होता का पण?”

“आडाकला व्हता. पर मी त्याला बोलीवलं न्हाई. सुटायला माणूस काय बी बोलतोय.”

“तुमचा फोन बघू जरा.”

त्यांनी नाखुशीनंच दिला. सिमरननं तो नाकाला लावला तरी तिला काही वाचता आलं नाही. अक्षरं नेहमीची, बारीक.

“कारखान्यात आणखी कुणाच्या फोनवर मोठी अक्षरं आहेत?”

“बिरदेवच्याच. येक डोळा चुन्यानं गेला, दुसरा निम्मा. त्याच्या फोनाला आमी ब्यानर म्हणतो. आख्ख्या गावाला लांबनं वाचता येतोय.” लालासाहेब हसले, आणि हसायची ही वेळ नव्हे हे आठवून थांबले.

सिमरन ड्रमच्या तोंडापाशी वाकली. “आत उतरणारा माणूस चपला कुठं ठेवतो?”

“हितंच. तोंडाखाली, वट्ट्याच्या पायथ्याला.”

“सोमवारी नानासोच्या होत्या?”

आतापर्यंत भराभर उत्तरं येत होती. या एका प्रश्नाला लालासाहेबांनी टॉवेल झटकला, परत डोक्याला गुंडाळला, आणि मग म्हणाले, “ध्यानात न्हाई.”

*

गेटवर वॉचमनच्या बाकावर मंगल बसली होती. नानासोची बायको. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्याचा डबा, टॉवेल, एक शर्ट. रस्त्याच्या पलीकडं बाभळीखाली एक माणूस उकिडवा बसला होता, अनवाणी, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरून. तो बिरदेव होता. मंगलचा पाठचा भाऊ.

दोघं एकाच घरातून माणच्या माळावरून इकडं पोट भरायला आले होते. आता मधे एक डांबरी रस्ता होता आणि तो ओलांडायची त्याला परवानगी नव्हती.

“तिकडंच बस!” तो नुसता हलला तरी मंगल ओरडत होती. “माज्या सावलीत येऊ नगंस!”

सिमरन जवळ गेली तशी मंगलनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमी कोण? त्याला सोडवाय आला व्हय?”

“मी अॅप तपासायला आले.”

“तपासा. तपासून माजा मालक परत येतोय का बघा.”

 सिमरन बाकाच्या कडेला बसली.

“सगळं सामान मिळालं?”

“चपला न्हाईत. नव्या व्हत्या, टायरच्या. दहिवडीच्या बाजारातनं आणल्यावत्या हौसेनं. कुणी ढापल्या ठावं न्हाई. मेलेल्या माणसाच्या चपला बी सोडत न्हाईत ही लोकं.”

“भावानं केलं असं तुम्हाला कशावरून वाटतं?”

“वाटाय कशाला पायजे?” मंगलचा आवाज चढला. “लालासाब मामांनी बिरोबाचा भंडारा ताटात आणला. समद्यांदेखत म्हनलं, बिरदेवा, ह्यो उचल आन् सांग माजा दोष न्हाई. मी बी म्हनलं, उचल रं बिरदेवा. ह्यानं हात म्हागं घेतला.”

बिरोबाची धनगर माणसं खोटा भंडारा उचलत नाहीत. देवाची हळद हातात घेऊन खोटं बोलण्यापेक्षा ती जेलात जातील. त्यामुळं हात मागं घेतला, तिथंच गावानं निकाल लावून टाकला होता.

सिमरननं रस्ता ओलांडला. तिच्या मागून फौजदारही आल्या, उन्हाला शिव्या देत.

“बिरदेव, तुझ्या फोनची अक्षरं सोमवारी केवढी होती?”

“लिंबायेवढी. भाचीनं करून दिली, सोनियानं. तवापास्नं तशीच.”

“तुला बारीक करता येतात?”

“न्हाई. आन् बारीक करून मी वाचू कशानं?”

“पट्टी सरकवलीस?”

“दिसलीच न्हाई, तर सरकवू काय? दाजी आत गेलं तवा बघितलं. रोजच्या जागी पट्टी नव्हती. म्हनलं दाजी भाईर आल्यावर कुणाला तरी इचारू.”

“मग?”

“लालासाब मामांनी हाक मारली, टेंपो आडाकलाय, चल लौकर. मी ड्रमात वराडलो, दाजी, आलोच. ते म्हनलं, जा. फोन खिळ्याला टांगला आन् पळालो. टेंपो ढकलत हुतो आन् ड्रमचा आवाज आला.” त्यानं डोळे मिटले. “म्हनलं दाजी आले भाईर.”

“एवढं सगळं खरं असेल तर भंडारा का उचलला नाहीस?”

बिरदेवनं काखेतलं गाठोडं आणखी आत ओढलं. सिमरन खाली बसली, इतकी जवळ की तो दचकला. टॉवेलाच्या घडीतून काळं रबर दिसत होतं.

“खोटा भंडारा आमी उचलत न्हाई,” तो म्हणाला. “दोष हाय माजा.”

“ऐकलंत?” राजनंदिनी म्हणाल्या. “झाली की कबुली.”

“कसला दोष?” सिमरननं विचारलं.

“बिरोबाला ठावं.”

सिमरन उठली. तिचे गुडघे धुळीनं भरले होते आणि डोकं संतापानं. “फौजदारबाई, त्याचा फोन तुमच्याकडं आहे ना?”

“सोमवारीच जप्त केला. मुकादमांनीच खिळ्याच्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिला.”

“त्यानंतर कुणी काही बदललं?”

“बॅटरी चार्ज केली. दुसरं कशाला बोट लावलेलं नाही.”

“बघू.”

राजनंदिनींनी बॅगेतून सीलबंद पाकीट काढलं आणि पाकिटातच फोनचं बटन दाबलं. सिमरननं डोळा अगदी प्लास्टिकला टेकवला. बराच वेळ ती तशीच होती.

“काय दिसतंय?”

“काही नाही,” सिमरन म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. “मला काहीही वाचता येत नाही. सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा. या दोघांनाही.”

*

केबिनमध्ये दिग्विजयनं धनगरांना खुर्ची दिली नाही. मंगल दाराला टेकून उभी राहिली, बिरदेव तिच्यापासून होता होईल तेवढा लांब. लालासाहेब टेबलाशेजारी. फौजदारांनी दार लावलं.

“रिपोर्ट झाला?” दिग्विजयनं विचारलं.

“झाला. अॅप नापास. आणि नापास आहे म्हणूनच कळतं की बिरदेवनं पट्टी सरकवली नाही.”

“हे काय नवीन?”

“सकाळी तुम्हीच बघितलंत. मोठ्या अक्षरांच्या फोनवर पट्टी दिसत नाही. पडदा हलत नाही. कितीही बोट घासा. बिरदेवच्या फोनवर मोठी अक्षरं होती. म्हणजे त्या फोनवर, तशा अवस्थेत, पट्टी सरकवणं कुणालाच शक्य नव्हतं. बिरदेवलाही नाही.”

“पण सरकली ना!”

“सरकली. कारण कुणीतरी आधी अक्षरं बारीक केली.” तिनं पाकिटातला फोन वर धरला. “फोन आजही तसाच आहे. अक्षरं बारीक. हा बिरदेवचा फोन, आणि बिरदेवला यातलं स्वतःचं नाव वाचता येणार नाही. जो वाचूच शकणार नाही तो अक्षरं बारीक करील कशाला? हे डोळसाचं काम आहे. फोन पिशवीत टांगलेला, लॉक नाही, राखणदार टेंपोकडं.”

दिग्विजय ताठ झाला. “माझ्यावर घसरू नका हां.”

“मला घसरायचंच होतं,” सिमरन म्हणाली. “तुम्ही सकाळपासून ज्या थाटात बोलताय, त्यानं मला फार आवडलं असतं. पण तुम्ही माझ्यादेखत नेट तपासलंत, अॅप काढून टाकलंत, फोन बंद केलात, मित्राला फोन लावलात, घामाघूम झालात. पट्टी का जाते आणि कशी परत येते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुमचंच अॅप असून.”

ती वळली.

“माहीत होतं ते लालासाहेबांना.”

लालासाहेब हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, “आवं, मी मदत केली तुमाला!”

“केलीत. एका वाक्यात. अक्षरं बारीक करा, म्हणजे पट्टी येते. ही अडचण ज्याला एकदा आली असेल त्यालाच तिचा उपाय ठाऊक असणार. तुम्हाला ती कधी आली, मामा? तुमच्या फोनची अक्षरं बारीकच आहेत. तुमच्या फोनवर पट्टी कधी गेलीच नसणार. कारखान्यात मोठ्या अक्षरांचा फोन एकच, हे तुम्हीच मला हसत सांगितलंत.”

“मग आधी कवातरी बिरदेवला दावली आसंल मी.”

“आयुष्यात कुणाच्या फोनला हात लावला नाही, असं म्हणालात.”

“येखाद्या येळंला...”

“बरं, लावला समजू. पण आधी कधी? जुन्या अॅपमध्ये पट्टी सगळ्यात वर होती. कितीही मोठी अक्षरं केली तरी दिसायची. बिरदेव रोज सरकवत होता. ती खाली गेली सोमवारी सकाळी. त्यानंतर ड्रममध्ये उतरलेला पहिला माणूस नानासो. तोच शेवटचा. त्याच दिवशी ड्रमला सील लागलं आणि हा फोन फौजदारांच्या बॅगेत गेला. मग ही युक्ती तुम्ही शिकलात ती नेमकी कधी? आणि कुणाच्या फोनवर?”

 लालासाहेबांनी दिग्विजयकडं पाहिलं. दिग्विजयनं नजर काढून घेतली. मग ते मंगलकडं न बघता बोलू लागले.

“मी मुद्दाम न्हाई केलं.”

“बिरदेवला बोलावलं होतं?” राजनंदिनींनी विचारलं.

“व्हय.”

“मग?”

“साहेब फोनवर शिव्या घालत हुतं. ट्रक उभा हाय, ड्रम बंद का, तुमाला पगार कशाचा देतो. मी ड्रमापाशी आलो. तोंडाखाली चपला नव्हत्या. आमी कायम चपलाच बघतो, बाई. चपला हायत म्हंजी माणूस आत, चपला न्हाईत म्हंजी माणूस भाईर. ते फोनाचं खूळ आत्ता आलंय. मला वाटलं दोघं बी टेंपोकडं गेलं. फोन काढला, तर पट्टी न्हाई. पडदा नुसता अक्षरांनी भरल्याला. बारीक केली, पट्टी आली. सरकवली आन् जाऊन बटन दाबलं.” त्यांनी दोन्ही हात पुढं केले. “चपलाच नव्हत्या. मी काय करायचं हुतं?”

“हाक मारायची,” सिमरन म्हणाली. “नानासो, एवढीच. त्यांनी आतून ओ दिली असती.”

लालासाहेबांचे हात तसेच पुढं राहिले.

मंगल दारापासून हलली. ती टेबलापर्यंत आली तेव्हा तिच्या आवाजात ओरडणं उरलं नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. “मामा, भंडाऱ्याचं ताट तुमच्या हातात व्हतं.”

“मंगल...”

“बटन बी तुमचं, पट्टी बी तुमची. आन् ताट माज्या भावाम्होरं धरलं. तीन सांजा माज्या घरी येऊन, माज्या चुलीपाशी बसून सांगितलं, तुज्या भावानं खाल्ला त्याला. मी तुमाला च्या करून दिला.”

लालासाहेबांनी पुढं केलेले हात खाली घेतले. 

“चला,” राजनंदिनी म्हणाल्या. “दिग्विजयसाहेब, तुम्हीही.”

“मी? मी काय केलं?”

“ते तुम्ही ठाण्यात सांगा. फोनवर काय काय शिव्या दिल्यात, तिथनं सुरू करा.”

दिग्विजय सिमरनकडं वळला. “हे सगळं रिपोर्टमध्ये लिहायची गरज नाही. अॅपपुरतं लिहा. आपण समजून घेऊ.”

“लिहिणार,” सिमरन म्हणाली. “मोठ्या अक्षरांत.”

*

जीप गेली तेव्हा गेटवर तिघंच राहिले. मंगलनं पिशवी छातीशी धरली होती.

“चपला कुठं गेल्या?” तिनं सिमरनला विचारलं. “चपला आसत्या तर मामांनी बटन दाबलं नसतं. कुणी नेल्या?”

सिमरनला ते बाभळीखालीच कळलं होतं. पण प्रत्येक गोष्ट तपासणाऱ्यानंच सांगायची नसते. तिनं बिरदेवकडं पाहिलं.

बिरदेवनं काखेतलं गाठोडं बहिणीच्या पायाशी ठेवलं आणि सोडलं. टायरच्या चपला, नव्या, अंगठ्यावर हळद बसलेल्या.

“माज्या चपलेची वादी तुटली हुती,” तो म्हणाला. “अंगणात फुफाटा पेटल्याला. तोंडाखाली दाजींच्या दिसल्या. म्हनलं लगीच तर यायचंय. पाय घातला आन् पळालो.” त्यानं आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. “भंडारा कसा उचलू? दोष न्हाई कसं म्हणू, आक्का?”

मंगल खाली बसली. पदराच्या टोकानं तिनं एका चपलेवरची हळद पुसायला घेतली, पुसता पुसता थांबली, आणि दोन्ही चपला तशाच पिशवीत घातल्या, डब्याशेजारी. भावाकडं तिनं पाहिलं नाही. उठून ती रस्त्याला लागली.

बिरदेव जागचा हलला नाही. सोमवारपासून त्याला तिच्या सावलीतसुद्धा जागा नव्हती. आज खरं कळल्यावर ती आणखी लांब गेली असेल, असं त्याच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं. सिमरनला तेवढं लांबूनही दिसलं. बिरदेव सुटला होता, पण सुटल्यासारखा दिसत नव्हता.

मंगल वळणापर्यंत गेली आणि थांबली. वळून न बघताच तिनं हाक मारली.

“बिरदेवाऽ!”

“ओ,” तो म्हणाला.

“जेवाय ये. बोलाय येऊ नगंस.”

तिनं परत पाय उचलला. तो तापलेल्या डांबरावरून अनवाणी तिच्या मागं चालू लागला.